सळई, प्लेट आणि वाढते हाड

कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात दोन हाडे असतात. करंगळीच्या बाजूचे अल्ना सरळ आणि जवळजवळ स्थिर असते. अंगठ्याच्या बाजूचे रेडिअस किंचित कमानदार असते आणि तळहात उताणा-पालथा करताना तेच अल्नाभोवती फिरते. ओंजळ धरणे, कुलपात किल्ली फिरवणे, घास तोंडापर्यंत नेणे ही सगळी कामे या फिरण्यावर चालतात. मूल पडताना हात पुढे टाकते आणि सारा भार या दोन हाडांवर येतो. म्हणूनच मुलांच्या फ्रॅक्चरमध्ये याच भागाचा क्रमांक पहिला लागतो.

यांतल्या बहुतेक मुलांना शस्त्रक्रिया लागतच नाही. भूल देऊन हाड बाहेरूनच सरळ करायचे, प्लॅस्टर घालायचे आणि पहिले काही आठवडे एक्स-रे काढून ते सरकले तर नाही ना हे पाहायचे, एवढ्यावर काम भागते. मुलाच्या हाडावरचे आवरण जाड असते. ते बहुधा एका बाजूने शाबूत राहते आणि तुकडे धरून ठेवते. शिवाय वाढते हाड उरलासुरला बाक स्वतःच काढून टाकते. आठ-नऊ वर्षांखालच्या मुलाच्या मनगटाजवळचा १५ अंशांचा बाक वर्ष-दोन वर्षांत दिसेनासा होऊ शकतो. दहाव्या वर्षानंतर ही सवलत झपाट्याने कमी होते. हाड कातडी फाडून बाहेर आले असेल, प्लॅस्टरमध्ये वारंवार घसरत असेल, बाहेरून जागेवर बसतच नसेल, किंवा मोठ्या मुलाची दोन्ही हाडे मध्यावर मोडून सरकली असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

तिचे मुख्य मार्ग दोन. पहिला लवचीक सळईचा. फ्रान्समधल्या नान्सी शहरात ज्यां-पॉल मेतेझो, ज्यां-नोएल लिजिए आणि ज्यां प्रेव्हो या सर्जनांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धत रुळवली. साधारण दीड ते अडीच मिलिमीटर जाडीची टायटॅनियमची किंवा स्टीलची सळई लहानशा छेदातून हाडाच्या पोकळीत सरकवतात. रेडिअसमध्ये मनगटाकडून वर, अल्नामध्ये कोपराकडून खाली. दुसरा मार्ग प्लेट आणि स्क्रूचा. त्यात मोडलेली जागा उघडी करून धातूची पट्टी हाडावर कसली जाते. अगदी मनगटाशी फ्रॅक्चर असेल तर बारीक तारांवर निभावते. प्रत्येक मार्गाची दुखणी वेगळी आहेत, आणि ती पुष्कळदा सळई कुठून आत शिरली किंवा प्लेट कुठून बसवली यावर ठरतात.

सर्वांत जास्त आढळणारा त्रास सर्वांत साधा असतो. सळईचे बाहेर राहिलेले टोक कातडीला आतून टोचते. पुढे ती काढता यावी म्हणून टोक थोडे लांब ठेवावेच लागते. पण ते लांब राहिले की कातडी लाल होते, आत पाण्याची पिशवी धरते, क्वचित कातडीला भोक पडून टोक डोकावू लागते. कोपराशी हे जास्त होते, कारण तिथे हाडावर मांस जवळजवळ नसते आणि मूल कोपर टेकून बसते. यावर टोक आखूड करणे किंवा हाड जुळले असल्यास सळई काढून टाकणे एवढाच उपाय लागतो. मनगटाच्या तारांची टोके बऱ्याचदा कातडीबाहेरच ठेवतात, म्हणजे चार-सहा आठवड्यांनी पुन्हा भूल न देता त्या ओढून काढता येतात. त्यांच्या वाटेने जंतू आत शिरतात. बहुधा ड्रेसिंग, पोटातून प्रतिजैविके आणि तार काढणे एवढ्याने ते आटोक्यात येते.

टोकाचाच एक उपद्रव मात्र साधा नाही. रेडिअसमध्ये सळई घालण्याची एक जागा मनगटाच्या पाठच्या बाजूला, हाडाच्या एका लहान उंचवट्याजवळ असते. अंगठा वर उचलणारी कंडरा या उंचवट्याला वळसा घालून जाते. कापलेल्या सळईची धारदार कड तिच्या वाटेत आली, तर प्रत्येक हालचालीला कंडरा घासत राहते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तुटते. तोवर फ्रॅक्चर जुळत आलेले असते आणि घरच्यांना वाटते, सगळे पार पडले. मग एके दिवशी मुलाला पंजा टेबलावर पालथा ठेवून अंगठा उचलता येत नाही. झिजून तुटलेली टोके सहसा थेट शिवता येत नाहीत. तर्जनीला सरळ करणाऱ्या दोन कंडरा असतात. त्यांतली एक वळवून अंगठ्याला जोडतात. हात बहुधा चांगला चालू लागतो, पण एका टोकापायी मुलाला आणखी एक शस्त्रक्रिया सोसावी लागते. म्हणून या जागेवरून सळई घालायची तर छेद पुरेसा मोठा घेऊन कंडरा डोळ्यांनी पाहावी, हे सर्जनांना आवर्जून सांगितले जाते.

मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेवरून सळई घातली की कंडरेचा धोका कमी होतो, पण तिथून रेडिअल नसेची त्वचेखालची शाखा जाते. ती ताणली गेली तर अंगठ्याच्या मागच्या बाजूला बधिरपणा येतो किंवा नुसता कपडा लागला तरी झिणझिण्या येतात. बहुतेक वेळा हे काही आठवड्यांत ओसरते. कोपराजवळ रेडिअसला प्लेट लावताना धोका जास्त गंभीर नसेला असतो. बोटे आणि अंगठा मागे उचलणारी नस तिथे हाडाला वेढा घालून जाते. ती दुखावली तर मनगट उचलता येते, पण बोटे लोंबकळतात. नस तुटलेली नसून नुसती ताणलेली असेल तर काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत ती परत काम करू लागते. लहान मुलाच्या नसा तपासणे हीच एक कसरत असते, म्हणून डॉक्टर ती खेळासारखी करून घेतात: दगड म्हणून मूठ, कागद म्हणून उघडा पंजा, कात्री म्हणून दोन बोटे, आणि अंगठा-तर्जनीचा गोल. चारही आकार जमले, तर हाताच्या मुख्य नसा चालू आहेत. ही तपासणी शस्त्रक्रियेआधी करून नोंदवली नसेल, तर नस पडताना दुखावली की टेबलावर, हे नंतर कुणालाच ठरवता येत नाही.

आतापर्यंतच्या गोष्टींना दिवस आणि आठवडे मिळतात. कंपार्टमेंट सिंड्रोमला मिळतात फक्त तास. हाताचे स्नायू न ताणणाऱ्या पडद्यांच्या कप्प्यांत बंदिस्त असतात. मोडलेल्या हाडातून रक्त झिरपते, स्नायू सुजतो, पण कप्प्याला फुगायला जागा नसते. आतला दाब वाढत जातो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि स्नायू उपाशी पडतो. मनगटाची नाडी मात्र लागत राहते, कारण मोठी धमनी बंद पडेल इतका दाब सहसा नसतो. नाडी लागते म्हणजे सारे ठीक, ही समजूत जितकी स्वाभाविक तितकीच घातक आहे. सहा-आठ तासांत स्नायू आणि नसा कायमच्या जाऊ शकतात. मेलेल्या स्नायूची जागा आकसणारा तंतुमय वण घेतो, बोटे वळून पंजा आखडतो.

या आखडलेल्या पंजाचे वर्णन जर्मनीतल्या हाले शहराचे सर्जन रिशार्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये केले, आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांनी दोष घट्ट बांधलेल्या पट्ट्यांना दिला होता. ते अर्धेच कारण होते, पण ते कारण अजून संपलेले नाही. भारतात आजही पुष्कळ मुले आधी हाडवैद्याकडे नेली जातात. बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेला हात काळानिळा पडल्यावर रुग्णालयात आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत छापून येतात. दोष फक्त कामट्यांचा नाही. सुजेला जागा न ठेवता घातलेले, चिरून सैल न केलेले प्लॅस्टरही तेच करते.

शस्त्रक्रियेचा यात वाटा कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. बंद पद्धतीने सळई घालताना ती मोडलेल्या जागेपाशी अडते. पलीकडच्या तुकड्याची पोकळी सापडत नाही. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत सर्जन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. दर फसलेल्या प्रयत्नात टोक हाडाबाहेरच्या स्नायूत शिरते. लांबलेली शस्त्रक्रिया आणि असे वारंवारचे प्रयत्न यांनंतर कंपार्टमेंट सिंड्रोमचे प्रमाण वाढते असे दिसून आले आहे. त्यामुळे दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही तर दोन-तीन सेंटिमीटरचा छेद देऊन हाड उघडे करावे आणि डोळ्यांदेखत सळई पार करावी, असा आता दंडक आहे. छेद टाळणे हे मोठेपणाचे लक्षण समजणाऱ्यांना हा दंडक पचायला थोडा वेळ लागला. छेदाचा वण राहतो, हे खरेच. पण हातावरचा वण आणि निकामी हात यांत तुलनाच होत नाही.

मोठा माणूस सांगतो की दुखणे सहन होत नाही. चार वर्षांचे मूल ते सांगत नाही, नुसते रडते, आणि शस्त्रक्रियेनंतर मूल रडणारच असे सगळे धरून चालतात. बॉस्टनमधल्या तीन सर्जनांनी २००१ मध्ये यावर एक उपयोगी ठोकताळा मांडला: मुलांमध्ये घाबरलेपणा, तळमळ आणि वेदनाशामकाची वाढत जाणारी गरज, या तीन खुणा इतर लक्षणांच्या पुष्कळ आधी दिसतात. औषध देऊनही दुखणे चढत असेल, बोटे अलगद सरळ केली तरी मूल किंचाळत असेल, तर रात्र सरण्याची वाट पाहायची नसते. पट्टी आणि प्लॅस्टर तिथेच कातडीपर्यंत मोकळे करायचे आणि तरीही आराम पडला नाही तर पडदे चिरून कप्पे उघडायचे. जखम काही दिवस उघडी ठेवून मग बंद करतात. कधी त्यावर दुसरीकडची कातडी लावावी लागते. हात पूर्ण बधिर करणारे इंजेक्शन दिले असेल तर या खुणा झाकल्या जाऊ शकतात, म्हणून जोखीम मोठी वाटत असेल तिथे ते जपून वापरतात.

जंतुसंसर्गाचा मोठा धोका उघड्या फ्रॅक्चरमध्ये. झाडावरून किंवा सायकलवरून पडलेल्या मुलाच्या जखमेत माती, शेण, कपड्याचे धागे जातात. प्रतिजैविक शक्य तो पहिल्या तासाभरात शिरेतून द्यावे, धनुर्वाताची लस पाहावी आणि जखम भरपूर पाण्याने धुऊन मेलेले मांस काढून टाकावे, हा क्रम ठरलेला आहे. बंद फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रियेत खोलवरचा संसर्ग विरळा.

हाड चुकीच्या आकारात जुळणे ही तक्रार शस्त्रक्रियेनंतरही येते, आणि इथे वाढत्या हाडाच्या सांभाळून घेण्याला मर्यादा आहेत. बाक वाढीबरोबर सुधारतो, पीळ सुधारत नाही. दोन तुकडे एकमेकांच्या तुलनेत फिरून जुळले तर ते तसेच राहतात. धडधाकट हात उताणा-पालथा मिळून दीडशे अंशांच्या आसपास फिरतो; रोजच्या कामाला साधारण शंभर अंश पुरतात. मृत शरीरांच्या हातांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की हाडाच्या मध्यावरचा १० अंशांचा बाक फिरण्यात फारसा अडथळा आणत नाही, २० अंशांचा मात्र ठळकपणे आणतो. लवचीक सळईत इथे एक मेख आहे. तिला आधी योग्य बाक देऊन ती आत घातली, तर ती रेडिअसची कमान उभी करते आणि दोन हाडांमधला पडदा ताणलेला ठेवते. सरळच घातली, तर कमान चपटी होते, हाडे एकमेकांकडे झुकतात आणि हात अडखळत फिरतो. हे एक्स-रेमध्ये पटकन डोळ्यांत भरत नाही, कारण हाड तर छान सरळ दिसत असते! रेडिअस सरळ दिसणे हीच तिथे चूक असते. घरी याचा पत्ता लागतो तो मूल पाणी पिताना ओंजळ धरू शकत नाही, किंवा लिहिताना खांदा उचलून हात पालथा करते तेव्हा. वेदना नसल्याने पुष्कळ मुले खांद्याने भरपाई करून घेतात. फार अडत असेल तर हाड कापून पुन्हा बसवावे लागते.

मुलांची हाडे जुळत नाहीत असे सहसा होत नाही. होते तेव्हा बहुधा अल्नाचे होते, मूल दहा वर्षांच्या वरचे असते, आणि जागा उघडी करून सळई घातलेली असते. बहुतेक अल्ना महिने घेतात पण जुळतात. अगदीच हटून बसली तर प्लेट लावून, गरज पडल्यास दुसरीकडचे हाड भरून जुळवतात.

याच्या उलट, नको तिथे हाड तयार होण्याचाही एक प्रकार आहे. रेडिअस आणि अल्ना यांच्या मध्ये हाडाचा आडवा पूल बनतो आणि हात फिरणेच थांबते. जोराचा मार, एकाच पातळीवर आणि कोपराजवळ मोडलेली दोन्ही हाडे, फाटलेला मधला पडदा ही त्यामागची कारणे. दोन्ही हाडांना एकाच छेदातून प्लेट लावण्याचा मोह त्यात भर घालतो. म्हणून छेद दोन वेगळे घ्यायचे असतात. मुलांमध्ये हा पूल विरळा, पण तो काढून टाकल्यावर पुन्हा उगवू शकतो.

आणखी एक धोका वाढपट्टीला असतो. वाढपट्टी म्हणजे हाडाच्या टोकाजवळचा कूर्चेचा पातळ थर. हाडाची लांबी इथेच वाढते. या भागातल्या हाडांच्या वाढीचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक वाटा मनगटाकडच्या पट्ट्यांचा असतो. साहजिकच मनगटाशी होणारी चूक कोपराशी होणाऱ्या चुकीपेक्षा महाग पडते. सळई पट्टीपासून दीड-दोन सेंटिमीटर वरून आत घालतात ती यासाठीच. तार पट्टीतूनच न्यावी लागली तर ती गुळगुळीत, बारीक आणि शक्य तितक्या कमी वेळा टोचलेली असावी. आट्यांचा स्क्रू पट्टीतून नेत नाहीत. पट्टीतूनच गेलेले फ्रॅक्चर जागेवर बसवताना वारंवार खेचाखेच केली, किंवा आठवडा-दहा दिवस उलटल्यावर ते पुन्हा हलवले, तरी पट्टी जखमी होते. मनगटाशी रेडिअसच्या पट्टीचे फ्रॅक्चर झाल्यावर वाढ थांबण्याचे प्रमाण थोडे, शेकडा पाचच्या आसपास. अल्नाच्या पट्टीचे फ्रॅक्चर विरळा, पण त्यात जवळपास निम्म्या मुलांत वाढ बिघडल्याचे आढळते. एकाची वाढ थांबते आणि शेजारचे हाड वाढतच राहते. मनगट एका बाजूला कलते, करंगळीच्या बाजूने दुखू लागते. हे दिसायला महिने, कधी वर्ष लागते, म्हणून प्लॅस्टर निघाल्यावर वर्षभर तरी एक्स-रेची पाळी चुकवू नये. पट्टीवर तयार झालेला हाडाचा पूल लहान असेल तर तो कोरून त्या जागी चरबी भरतात, म्हणजे तो पुन्हा बनत नाही. मोठा असेल तर शेजारच्या हाडाची वाढ थांबवणे किंवा ते आखूड करणे हे पर्याय उरतात.

शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही फसते, जेव्हा निदानच अपुरे असते. एकटी अल्ना मोडलेली दिसली की कोपर पाहायलाच हवे, कारण तिथे रेडिअसचे डोके सांध्यातून निखळलेले असू शकते. मिलानचे जोवान्नी बातिस्ता मोंतेज्जा यांनी १८१४ मध्ये हा प्रकार ओळखला, क्ष-किरण सापडण्याच्या ऐंशी वर्षे आधी, नुसत्या हाताच्या स्पर्शाने. आज एक्स-रे असून तो सुटतो, कारण फिल्म मोडलेल्या जागेपुरती काढलेली असते. नियम सोपा आहे: रेडिअसच्या मधून ओढलेली रेघ कोणत्याही कोनातून दंडाच्या हाडाच्या टोकावरच्या गोल भागाच्या मध्यातून गेली पाहिजे. अल्ना सळईने सुंदर बसवली आणि निखळलेले डोके तसेच राहिले, तर काही महिन्यांनी ते जागेवर आणणे अनुभवी सर्जनलाही जड जाते.

जुळलेले हाड त्याच जागी पुन्हा मोडण्याचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास सांगितले जाते. सळई आत असताना मूल पुन्हा पडले तर सळईही वाकते. कधी ती आत ठेवूनच हाताने सरळ करता येते, नाहीतर बदलावी लागते. हाड पुन्हा मोडू नये म्हणून सळई काढण्याची घाई करत नाहीत. सहा महिने ते वर्ष हा सर्वसाधारण काळ, आणि एक्स-रेमध्ये हाडाच्या चारही बाजू भरून आलेल्या दिसल्याशिवाय ती काढू नये.

सळई काढणे लहान काम असते, तरी टोकावर हाड वाढलेले असेल तर ते शोधण्यात वेळ जातो. प्लेट काढणे मोठे काम. जुना वण पुन्हा उघडावा लागतो, वणाच्या जाळ्यात नसा ओळखू येत नाहीत आणि पहिल्या वेळी वाचलेली नस दुसऱ्या वेळी दुखावू शकते. त्यामुळे, विशेषतः कोपराजवळची प्लेट, त्रास देत नसेल तर पुष्कळ सर्जन ती आत राहू देतात. पण वाढते हाड प्लेटला गिळू लागते आणि पुढे ती काढणे आणखी अवघड होते, हेही खरे. याबाबत सर्जनांचे एकमत नाही. काढल्यावर स्क्रूची भोके काही आठवडे कमकुवत राहतात आणि हाड तिथूनच मोडू शकते. त्या काळात सायकल, झाडावर चढणे, कबड्डी आणि कुस्ती बंद ठेवायला सांगतात. मालिश मात्र कोणत्याच टप्प्यावर करायची नसते. हात फिरवण्याचा व्यायाम मुलाने स्वतःच, दुखेल तिथे थांबत करायचा असतो.